स्वस्त संचातले ठासणीचे पिस्तूल : भरवसा कशावर ठेवावा?

कोकणातील शेतकऱ्याला ठासणीची बंदूक नवी नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी किंवा छर्रे घालून गजाने ठासायचे, केप चढवायची आणि बार काढायचा, ही रीत रानडुकरांपासून शेत राखणाऱ्यांच्या चांगली परिचयाची आहे. हीच रीत अमेरिकेत आणि युरोपात आज प्रामुख्याने छंद म्हणून जपली जाते. तेथे या छंदाचा सर्वांत स्वस्त दरवाजा म्हणजे ठासणीच्या पिस्तुलाचा जुळणी-संच. सुट्या भागांची एक पेटी घरी येते. कानस, काचपेपर आणि पेचकस घेऊन काही आठवडे खपले की अठराव्या किंवा एकोणिसाव्या शतकातील वाटावे असे एकनळी पिस्तूल तयार होते.

दोन-तीनशे डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या या वस्तूविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एका मतानुसार हे केवळ भिंतीवर टांगण्याचे खेळणे आहे. दुसऱ्या मतानुसार महागड्या पिस्तुलात आणि यात फक्त पॉलिशचा फरक आहे. वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ती समजण्यासाठी ‘दर्जा’ या एका शब्दाचे दोन भाग करावे लागतात. पिस्तूल हातात फुटणार नाही ना, हा पहिला प्रश्न. चाप ओढल्यावर ते दर वेळी उडेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतांशी कारखान्यात ठरते. दुसऱ्याचे उत्तर बरेचसे जुळणी करणाऱ्याच्या हातात असते.

पेटीत काय असते?

नेहमीच्या संचात नळी, लाकडी दस्ता, घोडा-चापाची यंत्रणा, चापाभोवतीचे पितळी कडे, पुढचे पितळी टोपण, नेमाच्या माश्या, गज आणि स्क्रू एवढे भाग येतात. नळी कारखान्यातच भोक पाडून, आतून पेचदार खाचा कापून आणि बुडाशी आट्यांचे पोलादी बूच बसवून दिलेली असते. घोडा, कमान आणि खटका यांची यंत्रणाही एका पत्र्यावर जोडूनच येते. दस्त्याला बाहेरचा आकार दिलेला असतो, आणि नळी व यंत्रणा बसण्याच्या खाचाही बव्हंशी कोरलेल्या असतात. खरेदीदाराच्या वाट्याला उरते ते लाकडाच्या खाचा शेवटच्या केसभर अंतरापर्यंत जमवणे, ओतीव पितळेवरचे साच्याचे ओरखडे कानशीने काढणे, लाकूड घासून रंगवणे, आणि नळीला निळसर किंवा तपकिरी झळाळी देणे.

थोडक्यात, ज्या भागांवर जीव अवलंबून असतो ते भाग कारखान्याने पुरे केलेले असतात आणि ज्यांवर देखणेपणा अवलंबून असतो ते अर्धवट सोडलेले असतात. या विभागणीतच संचाच्या स्वस्ताईचे बरेचसे रहस्य आहे. हातकामाची मजुरी कारखान्याला द्यावी लागत नाही. ती खरेदीदार स्वतःच्या वेळेतून भरतो.

प्रकार मुख्यतः दोन. चकमकीच्या पिस्तुलात घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरलेला असतो; तो पोलादी पात्यावर घासून ठिणग्या पाडतो, त्या रंजकाच्या वाटीत पडतात आणि कानातून आग नळीत जाते. केपेच्या पिस्तुलात एका पोकळ खुंटीवर तांब्याची लहान टोपी, म्हणजे केप, बसते आणि घोडा तिच्यावर आपटताच ज्वाळा आत शिरते. या दुसऱ्या पद्धतीच्या मुळाशी असलेल्या रासायनिक ठिणगीचे पेटंट स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये मिळवले. १४ एप्रिल १८६५ रोजी अब्राहम लिंकन यांच्यावर झाडली गेलेली हेन्री डेरिंजर यांच्या कारखान्यातील छोटी पिस्तूल याच केपेच्या पद्धतीची होती. तिच्या धर्तीची आणि पेनसिल्व्हेनियातील जुन्या ‘केंटकी’ पिस्तुलाच्या धर्तीची प्रतिरूपे संचांच्या बाजारात विशेष लोकप्रिय ठरली.

बाजार कसा उभा राहिला?

ठासणीच्या शस्त्रांचा छंद अमेरिकेत जुनाच आहे. या छंदाची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली आणि इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप हे गाव तिच्या नेमबाजीचे केंद्र बनले. प्रारंभी हौशी मंडळी खऱ्या जुन्या बंदुकाच वापरत. पण अस्सल वस्तूंची संख्या मर्यादित, किंमत चढती आणि शंभर वर्षांच्या लोखंडाचा भरवसा कमी. टेनेसी राज्यातील टर्नर कर्कलंड यांनी १९५४ मध्ये ‘डिक्सी गन वर्क्स’ सुरू करून जुन्या भागांबरोबर नव्याने घडवलेले भागही टपालाने विकण्यास आरंभ केला.

अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी १९६१ ते १९६५ या काळात साजरी झाली. त्या सुमारास इटलीच्या ब्रेशिया प्रांतातील गार्दोने वाल त्रोंपिया या गावाकडे अमेरिकी व्यापारी वळले. शतकानुशतके बंदुका घडवणाऱ्या या परिसरात पेदेर्सोली, उबेर्ती, पिएत्ता अशा कारखान्यांनी प्रतिरूपांचे उत्पादन वाढवले. स्पेनच्या बास्क प्रदेशातील कारखान्यांनी त्याहून स्वस्त माल देण्यास सुरुवात केली. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कनेक्टिकट व्हॅली आर्म्स’ म्हणजे सीव्हीए या कंपनीने स्पॅनिश भागांचे संच घराघरांत पोहोचवले, आणि १९७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीने या लाटेला जोर दिला. पुढे ‘ट्रॅडिशन्स’ या कंपनीने हीच परंपरा चालवली.

या वाढीला कायद्याचाही हातभार लागला. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्याने १८९८ पर्यंतची शस्त्रे आणि ठासणीच्या पद्धतीची त्यांची प्रतिरूपे यांना ‘पुरातन शस्त्र’ या व्याख्येत टाकून केंद्रीय परवाना-व्यवस्थेबाहेर ठेवले. त्यामुळे अनेक राज्यांत असा संच टपालाने थेट ग्राहकाच्या दारी येऊ शकतो. सोय मोठी, पण तिची दुसरी बाजू अशी की जाणकार दुकानदाराची नजर मध्ये पडत नाही. आलेला माल पारखण्याची जबाबदारी पूर्णपणे नवशिक्यावर येते.

पैसा कुठे वाचवला जातो?

स्वस्त संचात काटकसर कुठे केली आहे, हे ओळखता आले की त्याच्या दर्जाविषयीचे बरेच प्रश्न सुटतात. पहिली काटकसर लाकडात. महागड्या प्रतिरूपांत अक्रोडाचे किंवा निवडक मेपलचे लाकूड असते. स्पॅनिश संचांत प्रायः बीचचे. बीच मजबूत असते, पण त्याचा रेषा-पोत साधा असतो आणि रंग एकसारखा शोषला जात नाही. त्यामुळे पहिलाच हात मारलेला दस्ता डागाळलेला दिसतो. हा दोष डोळ्यांना खटकतो, पिस्तुलाच्या कामाला नाही.

दुसरी काटकसर ओतकामात. पितळी कडी आणि टोपणे साच्यातून निघाल्यावर जशीच्या तशी पेटीत येतात. त्यांवर खडबडीत कडा, क्वचित बारीक छिद्रे असतात. तिसरी स्क्रूंमध्ये. ते मऊ असतात आणि मापाचा नसलेला पेचकस लावला की त्यांच्या खाचा लगेच घासून जातात. अनेक जुळणीकार आरंभीच ते बदलून घेतात.

चौथी आणि खरी महत्त्वाची काटकसर घोडा-चापाच्या यंत्रणेत असते. महागड्या यंत्रणेत प्रत्येक भाग हाताने घासून एकमेकांना जुळवलेला असतो, कमानी योग्य ताणाच्या असतात आणि खटक्याची धार नेमकी असते. स्वस्त यंत्रणेत भाग यंत्रातून निघाले तसे जोडलेले असतात. परिणामी चाप जड लागतो, घोडा रखडतो, आणि क्वचित अर्धा चढवलेला घोडा आपल्या खाचेत पक्का बसत नाही. हा शेवटचा दोष किरकोळ नव्हे. अर्धा घोडा हीच अशा पिस्तुलाची सुरक्षिततेची एकमेव व्यवस्था असते. तो दाबून चाप ओढल्यास सुटत असेल, तर ते पिस्तूल दुरुस्त होईपर्यंत भरता कामा नये.

नळी आणि तिच्यावरचा ठप्पा

नळीच्या बाबतीत मात्र स्वस्ताईची भीती बरीचशी अनाठायी आहे, आणि याचे श्रेय कारखानदारांच्या सद्भावनेपेक्षा युरोपातील जुन्या कायद्यांना जाते. बंदूक विकण्यापूर्वी तिच्या नळीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून ती टिकते की नाही हे पाहण्याची आणि टिकल्यास तिच्यावर ठप्पा मारण्याची पद्धत तेथे शतकानुशतके चालत आली आहे. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे चाचणी-गृह १८१३ मध्ये स्थापन झाले. इटलीत गार्दोने येथे आणि स्पेनमध्ये एइबार येथे अशीच अधिकृत गृहे आहेत. या सर्वांच्या कसोट्या परस्परांना मान्य व्हाव्यात म्हणून सीआयपी हे आंतरराष्ट्रीय मंडळ १९१४ मध्ये सुरू झाले. त्याचा सध्याचा करार १९६९ चा आहे. इटली, स्पेन, ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स आदी देश त्याचे सदस्य आहेत. अमेरिका आणि भारत नाहीत.

म्हणूनच युरोपीय संच घेताना प्रथम नळीच्या बुडाजवळ चाचणी-गृहाचा ठप्पा शोधावा. इटालियन नळीवर मुकुटाच्या चिन्हांसोबत काळ्या दारूच्या चाचणीचा खुणेचा ठप्पा आणि चाचणीचे वर्ष दर्शवणारी सांकेतिक अक्षरे असतात. पिस्तूल दोनशे डॉलरचे असो वा हजार डॉलरचे, ठप्प्यामागची कसोटी एकच असते. स्वस्त संचाविषयी आश्वासक अशी सर्वांत ठोस गोष्ट हीच.

या ठप्प्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. तो फक्त एवढे सांगतो की कारखान्यातून निघताना ही नळी, या मापाची, काळ्या दारूच्या ठरलेल्या दाबाला टिकली. यंत्रणा चांगली आहे, नेम अचूक आहे किंवा वीस वर्षांनंतरही नळी तशीच आहे, असे तो सांगत नाही. नंतर कोणी नळीत नवे भोक पाडले, जुने आटे मोठे केले किंवा नळी बाहेरून फार घासून पातळ केली, तर त्या ठप्प्याला अर्थ उरत नाही. हौशी जुळणीकार नळी चकचकीत करण्याच्या नादात ठप्पाच कानशीने पुसून टाकतात, हे तर हमखास घडते. त्याने नळी कमजोर होतेच असे नाही, पण पुढच्या मालकाच्या हाती कोणताही पुरावा राहत नाही.

अमेरिकेत सरकारी चाचणीची सक्ती नाही. तेथे कारखान्याची स्वतःची तपासणी आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांची धास्ती यांवर काम चालते. ही व्यवस्थाही दोष उघड करू शकते. सीव्हीए कंपनीने १९९७ मध्ये आपल्या १९९५ आणि १९९६ सालच्या काही इनलाइन रायफली नळीतील दोषाच्या शक्यतेमुळे परत मागवल्या होत्या. जुळणीच्या पिस्तुलांशी त्या घटनेचा संबंध नव्हता. तरीही अनुक्रमांक पाहण्याची आणि परत-मागवणीची यादी तपासण्याची सवय ठासणीच्या कोणत्याही जुन्या शस्त्राच्या खरेदीदाराने का लावून घ्यावी, हे त्यावरून कळते.

स्वस्त प्रतिरूपांच्या या चर्चेत भारताचाही एक दुवा आहे. भारतात घडवलेल्या चकमकीच्या बंदुका आणि पिस्तुले अमेरिका व कॅनडातील व्यापारी गेली अनेक वर्षे विकत आहेत. ऐतिहासिक लढायांचे प्रयोग करणारी मंडळी त्यांचे मोठे ग्राहक. त्यांपैकी पुष्कळ वस्तू कान न पाडता, म्हणजे शोभेची वस्तू म्हणून पाठवल्या जातात. कान नसलेली नळी उडवता येत नाही, म्हणून ती त्या अवस्थेत चाचणी-गृहातूनही गेलेली नसते. पुढे कोणी तिला कान पाडून घेतला, तर ती प्रथमच दाबाला सामोरी जाते ती मालकाच्या हातात. भारतीय कारागिराच्या कौशल्याचा हा प्रश्न नाही. जिची कसोटी झालेली नाही ती नळी आणि जिची झाली आहे ती नळी, बाहेरून सारखीच दिसतात, हा प्रश्न आहे. शोभेसाठी घेतलेली वस्तू शोभेचीच ठेवावी, हे याबाबतीत सर्वांत शहाणपणाचे.

उडेल की नाही?

आता दुसरा प्रश्न. केपेचे पिस्तूल आणि चकमकीचे पिस्तूल यांत भरवशाच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. केपेच्या पिस्तुलात आग लागण्याची क्रिया केपेतच पूर्ण होते. घोडा सरळ आणि जोराने आपटला, खुंटीचे भोक मोकळे असले, की काम झाले. म्हणून स्वस्त संचातही केपेचे पिस्तूल थोड्या देखभालीवर नियमित उडते. बार फुकट जाण्याची कारणे ठरावीक असतात : खुंटीत राहिलेले तेल, काजळीने बुजलेली वाट, खुंटीवर पुरती न बसलेली केप. खुंटीच नरम किंवा वेडीवाकडी असली तर ती बदलता येते आणि हा खर्च अगदी किरकोळ असतो.

चकमकीच्या पिस्तुलाचे तसे नाही. गारेची धार, घोड्याचा कोन, कमानीचा ताण, पात्याचा कठीणपणा आणि कानाची जागा या पाच गोष्टी एकाच क्षणी जुळाव्या लागतात. स्वस्त संचात सर्वांत कच्चा दुवा पोलादी पात्याचा. ते पुरेसे कठीण केलेले नसेल तर गार त्यावर चरे पाडते, पण ठिणग्या पडत नाहीत. असे पाते पुन्हा तापवून कठीण करणे हे जाणकार कारागिराचे काम आहे. पहिलेच पिस्तूल घेणाऱ्याने केपेचा संच घ्यावा, असे अनुभवी मंडळी सांगतात ते याच कारणासाठी.

नेमाविषयीही अपेक्षा माफक हव्यात. ठासणीच्या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पिस्तुलाचे अंतर २५ मीटर असते आणि अर्ध्या तासात तेरा बार काढून त्यांतील उत्तम दहा मोजले जातात. या स्पर्धांत उतरणारे बहुधा याच कामासाठी घडवलेली महागडी पिस्तुले वापरतात. संचातल्या पिस्तुलाच्या माश्या साध्या असतात, चाप जड असतो आणि मूठ प्रत्येकाच्या हाताला बसतेच असे नाही. तरीही नळीतील खाचा चांगल्या असतील, गोळी आणि तिच्याभोवतीची कापडी चकती मापाची असेल, तर सरावाने समाधानकारक नेम साधतो. पिस्तुलाची चूक कोणती आणि हाताची कोणती, हे शिकायला या वस्तू वाईट नाहीत.

जुळणी करणाऱ्याचा वाटा

संचाविषयीच्या तक्रारींचा बराच मोठा हिस्सा घाईतून जन्मतो. नळी दस्त्याच्या खाचेत सर्वत्र टेकत नसली की बार उडाल्यावर धक्का एकाच ठिकाणी बसतो आणि लाकूड तडकते. यंत्रणेच्या खाचेत एखादी कड दाबली जात असली की घोडा रखडतो. मालक दोष देतो कमानीला. रंग देण्यापूर्वी लाकडातील ओल जाऊ दिली नाही, तर पुढच्या ऋतूत दस्ता आकसतो. उलट, सावकाश काम करणाऱ्याच्या हातून त्याच पेटीतून असे पिस्तूल निघते की त्याची मूळ किंमत ओळखू येत नाही.

काही ठिकाणी मात्र कानस खाली ठेवणेच योग्य. चाप हलका करण्यासाठी खटक्याची धार घासणे हे त्यांतील पहिले. एक-दोन फटके जास्त झाले तरी घोडा धक्क्याने सुटू लागतो. नळीच्या बुडाचे बूच काढणे, कानाचे भोक वाढवणे, खुंटीचे आटे पुन्हा पाडणे ही कामेही हौशी माणसाची नव्हेत. स्वस्त केपेच्या पिस्तुलांत खुंटी बहुधा नळीच्या बाजूला आट्यांनी बसवलेल्या एका लहान पोलादी नळकांड्यात असते. ते वारंवार फिरवले तर त्याचे आटे झिजतात, आणि दाबाच्या वेळी तेच प्रथम दगा देते. अशा कामांसाठी बंदूक-कारागिराला दिलेले पैसे हा संचाच्या खर्चाचाच भाग समजावा.

दारू कोणती?

चाचणीचा ठप्पा फक्त काळ्या दारूसाठी असतो, हे ठळक अक्षरांत सांगण्याजोगे आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही जुनी दारू आणि आधुनिक काडतुसातील धूरविरहित दारू या दोन निराळ्या वस्तू आहेत. ठासणीच्या पिस्तुलात धूरविरहित दारूची चिमूटही पडता कामा नये. तिचा दाब अशा नळीच्या मर्यादेपलीकडे जातो आणि चांगल्यात चांगली नळीही फुटू शकते. म्हणूनच बहुतेक नळ्यांवर केवळ काळी दारू वापरण्याची सूचना कोरलेली असते. काळ्या दारूऐवजी वापरण्यासाठी मुद्दाम बनवलेले ‘पायरोडेक्स’सारखे पर्याय केपेच्या पिस्तुलात चालतात, पण ते पेटायला जास्त उष्णता लागते, म्हणून चकमकीच्या पिस्तुलात ते त्रास देतात. पिस्तूल बिघडले असे वाटते तेव्हा बिघाड कित्येकदा दारूच्या निवडीत असतो.

चकमकीवाल्यांना हा प्रश्न २०२१ मध्ये चांगलाच जाणवला. अमेरिकेतील प्रसिद्ध ‘गोएक्स’ काळ्या दारूचा लुइझियानातील कारखाना बंद करण्याचे त्या वर्षी जाहीर झाले. २०२२ मध्ये तो नव्या मालकाकडे गेला. मधल्या काळात खरी काळी दारू मिळवणे अनेकांना कठीण झाले होते.

बार उडाल्यावर काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून मागे राहतो. हा अवशेष हवेतील ओल खेचतो आणि लोखंड खातो. पिस्तूल त्याच दिवशी कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, तेलाचा हात फिरवून ठेवले नाही, तर दमट हवेत दुसऱ्या दिवशीच गंजाची सुरुवात होते. महागडे पिस्तूल निष्काळजी मालकाकडे जितक्या लवकर खराब होते, तितकेच स्वस्तही. स्वस्त पिस्तूल सांभाळणाऱ्याकडे पिढीभर टिकते.

भरतानाची एक चूक दर्जाच्या सर्व चर्चेपेक्षा मोठी ठरते. गोळी दारूवर घट्ट टेकेपर्यंत ठासली गेली पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. जाणकार गजावर खूण करून ठेवतात. भरलेल्या नळीत गज त्या खुणेपर्यंत गेला नाही तर बार काढत नाहीत. केप फुटूनही बार उडाला नाही, तर नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून थांबावे. आत धुमसणारी दारू काही क्षणांनीही पेटू शकते. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हे ओघानेच आले.

दुसऱ्याने जुळवलेले पिस्तूल

जुन्या बाजारात १९७० आणि १९८० च्या दशकांतील संचांची पिस्तुले मुबलक आणि स्वस्त मिळतात. त्यांतील काही कधीच उडवलेली नसतात. काही उडवून तशीच ठेवून दिलेली असतात. अशा खरेदीत ब्रँडपेक्षा अवस्था महत्त्वाची. नळीत पहिल्यांदा गज घालून आतली लांबी बाहेरच्या लांबीशी पडताळावी. जुन्या ठासणीच्या शस्त्रांत वर्षानुवर्षे भरून राहिलेला बार आढळणे मुळीच नवलाचे नाही, आणि काळी दारू कोरडी राहिली तर दीर्घकाळ जिवंत राहते. त्यानंतर आतला गंज, खुंटीचे आटे, अर्ध्या घोड्याची पकड आणि दस्त्यावरील तडे पाहावेत. ठप्पा पुसलेला असेल किंवा नळीत कोणी काम केल्याची खूण दिसत असेल, तर कारागिराच्या तपासणीवाचून ते वापरू नये. नवा संच आणि कोणी तरी जुळवलेला जुना संच यांत हाच मोठा फरक आहे. नव्यात कारखान्याचे काम पाहायचे असते. जुन्यात एका अनोळखी माणसाचे.

कायदा देशागणिक वेगळा

अमेरिकेतील केंद्रीय कायदा सवलत देत असला तरी प्रत्येक राज्य तेवढे उदार नाही. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीसारख्या राज्यात शस्त्रांचे नियम कडक आहेत. संच मागवण्यापूर्वी राज्याचा आणि शहराचा नियम पाहणे आवश्यक. ब्रिटनमध्ये १९९७ च्या हातबंदुकांवरील बंदीतून ठासणीची पिस्तुले वगळली गेली. परंतु उडवण्यासाठी ती बाळगायची तर शस्त्र-प्रमाणपत्र लागते आणि काळ्या दारूसाठी स्फोटकांचे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. चाचणीचा ठप्पा नसलेली बंदूक विकणे हा तेथे गुन्हा आहे.

भारतात या विषयाला संदिग्धता नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. कलम ३ नुसार बंदूक बाळगण्यास, कलम ५ नुसार ती बनवण्यास आणि कलम १० नुसार ती आयात करण्यास परवाना लागतो. ठासणीचे पिस्तूल याला अपवाद नाही. कोकणातील शेतकरी आपली ठासणीची बंदूक शेती-संरक्षणाच्या परवान्यावरच बाळगतो. विनापरवाना शस्त्रनिर्मितीची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत वाढवण्यात आली आहे. परदेशात कायदेशीरपणे घेतलेला संच सुटीत येताना सामानातून आणावा, ही कल्पना म्हणूनच अत्यंत महागात पडू शकते. पेटीत पिस्तूल नसून ‘फक्त भाग’ आहेत, हा बचाव कायद्याच्या व्याख्येपुढे टिकणारा नाही.

हिशेब

जेथे हा छंद कायदेशीर आहे, तेथे प्रस्थापित युरोपीय कारखान्याचा, ठप्पा असलेला, केपेचा संच हा पैशाच्या मानाने वाजवी सौदा आहे. त्यात नळी विश्वासार्ह मिळते, यंत्रणा चालण्याजोगी मिळते आणि उरलेले सारे अर्धे मिळते. त्या किमतीत कारागिराकडून एखादी दुरुस्ती, नवी खुंटी, चांगले स्क्रू, स्वच्छतेचे साहित्य आणि पुष्कळ संध्याकाळी मिळवाव्यात. मग तयार पिस्तुलाच्या किमतीशी तुलना करावी. ज्याला केवळ नेमबाजी करायची आहे, त्याला तयार पिस्तूलच परवडते. ज्याला लाकूड, पितळ आणि पोलाद हाताळत जुने यंत्र आतून समजून घ्यायचे आहे, त्याच्यासाठी संच आहे. मात्र पेटी उघडल्यावर पहिल्या दिवशी दोन गोष्टी पाहाव्यात : नळीवरचा ठप्पा आणि अर्ध्या घोड्याची पकड. यांपैकी एक जरी समाधानकारक नसेल, तर कानस हाती न घेता संच परत पाठवावा. एकदा भागांवर काम सुरू केले की तो माल परत घेण्यास विक्रेता सहसा तयार होत नाही.